खटाक होईपर्यंत

चैत्र अर्धा सरला की आमच्या वाडीत सगळ्यांचे हात काळे पडतात. बाळहिरड्याचा डाग साबणाला दाद देत नाही. तो नखांत शिरतो, बोटांच्या पेरांवर बसतो आणि पार मिरगापर्यंत मुक्काम करतो. या दिवसांत घोडेगावात लग्नाला गेलं, तर पंगतीत वाढणारा नुसता हात बघून विचारतो, "वरच्या अंगाचे का?" कातळावर हिरडा वाळत पडलेला असतो. दुपारी वारा धरणाकडून वर चढला की सगळ्या वाडीला तुरट वास सुटतो. त्या वासानं जीभ कोरडी होते, आणि मला मात्र घरी पोचल्यासारखं वाटतं.

यंदा तो वास आला आणि पाठोपाठ ठकूबाई मावशीचा निरोप आला. "पानी लई खाली गेलंय. जुनं गाव उघडं पडलंय. ये. आन् येताना आवाजवाला आन."

आवाजवाला म्हणजे माझा कॅमेरा. तो पुसायला घेतला. उजव्या हाताच्या पकडीवरचं रबर एका कोपऱ्याला सुटलंय आणि त्यावर हिरड्याचा जुना डाग आहे. चार हंगाम झाले त्या डागाला. बाकी सगळा कॅमेरा पुसला, तेवढा डाग ठेवला. ज्या हंगामात तो पडला, त्या हंगामाचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे, आणि ते पैशातलं नाही.

त्या वर्षी माझ्याकडे दोन कॅमेरे होते आणि त्यांतला एकच ठेवायचा होता. घोडेगावात स्टँडमागे दत्ताकाकांचा फोटो स्टुडिओ. मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली लग्नांमध्ये लाइट धरला होता. गुडघे गेले तसं त्यांनी स्टेजवर चढणं सोडलं आणि एके दिवशी काउंटरवर दोन वापरलेले कॅमेरे ठेवले.

"दोन्ही घेऊन जा. महिनाभर वापर. अक्षय तृतीयेला एक आणून दे, दुसरा तुझा."

किंमत दोन्हींची सारखीच सांगितली. स्वस्त-महागाच्या आड लपायची सोयच ठेवली नाही.

"आणि काका, दोन्ही आवडले तर?"

"तर तुला फोटो काढता येत न्हाई, आसं समजायचं."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. धरणात घरं-जमिनी गेलेल्यांसाठी पत्रकं लिहिण्यात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तारुण्य गेलं. आमच्या घरात हिरड्याच्या पोत्यांना लागून पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षर ओळखायला मी त्यांवर शिकले. उद्गारचिन्ह मला स्वल्पविरामाच्या आधी कळलं. शाळेत भाकरी पत्रकात बांधून जायची, आणि भाकरी सुटली की तेलाच्या डागातून एखादी मागणी वर यायची. पत्रकानं मला ताठ उभं राहायला शिकवलं, त्याबद्दल मी आजही त्या स्वस्त कागदाची आभारी आहे. पण एक खोडही लावली. जगातल्या प्रत्येक गोष्टीला दोनच बाजू असतात, एक आपली आणि एक चुकीची, असं मी पक्कं धरून बसले होते.

त्यामुळे कॅमेऱ्यांचाही मी निवाडा करायला बसले. वहीच्या पानावर मथळा टाकला, 'कॅमेऱ्याच्या निवडीबाबत आमची भूमिका'. दादांनी चष्मा वर करून वाचलं.

"आमची म्हंजे कोणाची?"

"माझी."

"मग माझी लिही. आनि मागण्या कुठायत?"

आई हिरडा निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एक मागणी माझी घाला. बापलेकीनी पाय उचला आन् ती दोन पोती सावलीला आना."

पण निवाडा सोपा नव्हता. नवा कॅमेरा बिनआरशाचा होता. वजन दोन-तीन भाकऱ्यांइतकं. डोळ्याला लावला की फोटो जसा येणार तसाच आधी दिसायचा. माणसाचा डोळा शोधून त्यावर स्वतःच फोकस धरायचा. आमच्या घरात दिवसाही चुलीपाशी अंधार असतो. तिथं फुंकर मारणाऱ्या आईच्या गालावरची राख त्यानं स्वच्छ टिपली. व्हिडिओ देखणा. आणि एक बटण फिरवलं की शटर मुकं, फोटो निघाला हे काढणाऱ्यालाही पडद्यावर बघूनच कळायचं. पण त्याची बॅटरी दुपारी मान टाकायची आणि वाडीत वीज कधी येईल ते महावितरणलाही माहीत नसतं. लेन्स बदलताना आतली नाजूक काच थेट वाऱ्यावर उघडी पडायची, आणि वैशाखात आमच्याकडे वारा म्हणजे निम्मी माती.

जुना आरशाचा. खांद्याला अडकवला की खांदा आठवण ठेवायचा. चुलीपाशी त्यानं काढलेल्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे. व्हिडिओ नावापुरता. पण बॅटरी दोन-दोन दिवस चालायची. सांध्यांना रबर बसवलेलं, धूळ-पाण्याची फिकीर नाही. आत दोन कार्डं, प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरायचा, एक गेलं तरी दुसरं हाती. सप्तपदी पुन्हा घ्या असं कुठल्या नवरीला सांगणार? आणि त्याचं शटर पडलं की आरसा असा आपटायचा, खटाक! देवळात काढला तर गुरवासकट सगळे मागं वळून बघायचे.

मोबाइलवर मी रोज कॅमेऱ्यांवरचे व्हिडिओ बघायची. जो तो सांगायचा, हा घेतला नाहीत तर मागे पडाल. माझं डोकं तडकायचं. ही काय माहिती झाली? ही धमकी आहे! सगळंच देणारा कॅमेरा अजून कुणी बनवलेला नाही. एक घ्यायचं तर एक सोडावं लागतं. काय सोडायचं ते कुणी सांगत नव्हतं, कारण ते सांगण्यात विक्री नाही.

ते मला बेल्ह्याच्या बाजारात एका बैलाच्या दलालानं सांगितलं.

आमचा एक बैल थकला होता म्हणून दादा बेल्ह्याला निघाले आणि मीही दोन्ही कॅमेरे गळ्यात घालून गेले. बेल्ह्याच्या बाजारात सकाळी टेंपोतून उतरणाऱ्या जनावरांच्या खुरांचा फळीवर जो आवाज होतो, तो आधी पोटात ऐकू येतो. एका बाजूला रुमालाखाली दोघांचे हात अडकलेले होते, बोटं दाबून भाव चालला होता. मी मुक्या कॅमेऱ्यानं हातभर अंतरावरून दहा फोटो काढले. कुणाच्या गावीही नाही. मला केवढा अभिमान वाटला! तसला अभिमान पाकीटमारालाही वाटतो, हे तेव्हा सुचलं नाही.

दादांनी धरलेल्या बैलाचा दलाल मला म्हणाला, "ताई, बैल तुमाला घ्यायचा का ह्यांला? घंटा तर तुमीच दोन बांधल्यात."

मी माझी अडचण सांगितली. तो हसला नाही. त्यानं बैलाचा ओठ वर केला, दात दाखवले. "वय हितं कळतं. तुझ्या डब्यांला दात हायत का?"

"आहेत की. आजवर शटर किती वेळा पडलं त्याचा आकडा निघतो."

"मंग बग."

मी तिथंच आकडे काढून बघितले. नवा कोवळा होता. जुन्याचं शटर एवढं पडलेलं, की आणखी काही वर्षं निघाली तर नशीब.

"म्हातारा हाय म्हन की."

"पण कसलेला आहे."

"आसंल. रान कंचं तुझं?"

"म्हणजे?"

त्यानं दादांकडे बोट केलं. "ह्ये पावणं भातखाचरात बैल घालनार. तिथं उंचापुरा, शिंगाळा बैल नेला तर बांधावर त्याला वळताच येनार न्हाई. दिसाया लई भारी, पर उपेग काय? आदी रान बगायचं राव, मंग बैल."

दादांनी बुटका, रुंद छातीचा बैल घेतला. मी परतीच्या टेंपोत त्याच्याशेजारी बसून एकच विचार करत होते. माझं रान कुठलं?

रान चालून आलं होतं. हिरडा गोळा करणाऱ्या आमच्या बायकांच्या गटानं स्वतःचं छोटं गोदाम बांधलं होतं. त्याच्या भिंतीवर प्रत्येकीचा फोटो लावायचा असं ठरलं. ठरवलं ठकूबाई मावशीनं. पासष्टीच्या पुढची, बारीक, दोनच दात उरलेली, आणि गटात तिचा शब्द शेवटचा. ती मला म्हणाली होती, "पोतं आमच्या डोक्यावं आन् पावतीवं नाव नवऱ्याचं. आता भितीवं तरी आमीच पायजेल." सत्तावीस बायका. माझं एकटीचं पहिलं काम. ते नीट झालं तर मी फोटोग्राफर, नाहीतर लाइट धरणारी पोरगी.

माझं तत्त्व तयारच होतं. माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की खोटा होतो! त्यामुळे समोर कुणाला उभं करायचंच नाही. मी मुका कॅमेरा घेऊन आठ दिवस रानात हिंडले. काठ्यांनी फांद्या झोडपणाऱ्या, ओच्यात हिरडा वेचणाऱ्या, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून पाणी पिणाऱ्या बायका. भीमाशंकरच्या बाजूनं येणारा सकाळचा पातळ उजेड. कुणालाही न कळता मी सगळं टिपलं. त्यातला एक फोटो ठकूबाईचा होता. ती एकटी झाडाच्या बुंध्याला टेकलेली, पदर मागं पडलेला, विरळ पांढरे केस सुटलेले, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. कपाळावर हिरड्याच्या पानाची सावली. तसा फोटो मी आधी काढला नव्हता आणि नंतरही काढू शकलेले नाही.

गोदामाच्या ओट्यावर बायका जमल्या आणि मी दत्ताकाकांच्या जुन्या लॅपटॉपवर फोटो लावले. पहिल्या चार-पाच फोटोंना हशा झाला. मग ठकूबाईचा आला आणि हशा थांबला.

"ह्यो कवा घ्येतला?"

"परवा, मावशी. ढवळ्या कातळापाशी."

"मला कळलं न्हाई."

"म्हणून तर इतका छान आलाय."

ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मी येवढी म्हातारी झाली, ते मला न सांगता तू बगून घ्येतलंस व्हय?"

मी तत्त्व सांगायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "थांब. तुला येक सांगते. हे तुझ्या दादालाबी ठावं न्हाई."

ती सांगू लागली. ती दहा वर्षांची असताना जुन्या गावात, जिथं आता धरणाचं पाणी आहे तिथं, एक माणूस आला. त्यानं तीन पायांच्या घोडीवर एक यंत्र ठेवलं आणि काचेला डोळा लावला. गावात फोटो फक्त तिच्या बानं बघितला होता, भीमाशंकरच्या जत्रेत. त्यानं वर्दी दिली, फोटोवाला आलाय! गाव पळालं. पुरुषांनी मुंडाशी बांधली. तिच्या आयनं कुंकू ठसठशीत केलं. कुणी शेळीला काखेत घेतलं. सगळे देवळापुढं रांगेत उभे राहिले.

"त्यो हात हालवीत व्हता, सरका सरका. आमाला वाटलं, आमाला काचंत बशिवतोय. आमी आजून चिकटून हुबं ऱ्हायलो. बा म्हनला, खट्ट होईस्तवर कुनी हलू नगा. शास बी घ्येऊ नगा. त्यो माणूस वाईट न्हवता, बगत बसला थोडा येळ. हसला. त्याची भाषा येगळी. मग वहीत काय लिवलं, घोडी उचलली आन् टेकाडावं गेला. आमी हुबंच. आय म्हनली, झाला का? बा म्हनला, खट्ट झालं न्हाई आजून. पायातली सावली लांब झाली, लेकरं रडाया लागली, तरी हुबं. शेवटाला बा म्हनला, झाला आसंल. पर मी कान दिवून व्हते. झालं न्हवतं."

तो फोटोवाला नव्हता. धरणासाठी पाणी कुठवर चढेल, ते मोजत होता.

दादा ओट्याच्या खाली उभे राहून ऐकत होते. एवढी वर्षं त्यांनी त्याच धरणावर लिहिलं होतं. ते पायरीशी आले. "ठकूबाई, हे मला कधी बोलली न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? तू आमाला मागण्या इचारल्यास. त्या सांगितल्या."

मग ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते; भांडायचं मला शिकवलेलं होतं. ती नुसतं म्हणाली, "ज्येचा आवाज व्हत न्हाई, त्येनं काय घ्येतलं ते कळत न्हाई बघ."

"पुसून टाकू, मावशी?"

"पूस."

मी तो फोटो पुसला. दुसरीकडे कुठं ठेवला नाही, तसा मोह झाला होता तरी. मग एकेक बाई पुढं आली. कुणी म्हणाली राहू दे, कुणी म्हणाली माझाबी पूस. बेल्ह्याचे ते दहा फोटो मी कुणी न सांगता पुसले. ओट्यावरून उठले तेव्हा भिंत कोरीच होती आणि अक्षय तृतीयेला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कॅमेरे त्याच ओट्यावर ठेवले. खरं सांगायचं तर नव्या कॅमेऱ्यालाही स्वतःचा आवाज होता, बटण उलटं फिरवलं की यायचा. त्याला मुकं मी केलं होतं. त्याच्यावर ठपका ठेवून सुटणं सोपं होतं, पण ते खोटं पत्रक झालं असतं. म्हणून मी बायकांना दोन्ही ऐकवले. नव्याचा आवाज झाला, चिक.

"पाल चुकचुकली का गं?" एकीनं विचारलं आणि ओटा हसून लोळला.

मी त्याच्या छोट्या स्पीकरवर मोठा आवाज लावून दाखवला. ठकूबाईनं मान हलवली. "ह्यो फोटोचा न्हाई. ह्यो नुसता आवाजाचा आवाज हाय."

मग जुना. खटाक!

"हां! कडी बसल्यावानी," ती म्हणाली. "आता कळलं, दार लागलं."

त्या सहा दिवसांत मी सत्तावीस बायकांना समोर उभं केलं. प्रत्येक बाई आधी पदर सारखा करायची, हात अंगाला चिकटवायची, श्वास धरायची. खटाक. आणि मग जे व्हायचं ते मला कुठल्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. खांदे खाली यायचे. धरलेला श्वास सुटायचा. डोळ्यांत माणूस परत यायचं. तेव्हा मी दुसरा काढायची, तोही खटाक करूनच.

"अगं, आजून येक? पैला बुडाला का काय!" आणि हसू फुटायचं.

दत्ताकाका पूर्वी म्हणायचे, पहिला फोटो त्यांचा, दुसरा आपला. दोन वर्षं ऐकून मला ते वाक्य कळलं नव्हतं. मी प्रत्येकीला दोन्ही दाखवले आणि भिंतीवर कुठला लावायचा ते तिनं ठरवलं. बहुतेकींनी हसरा निवडला. ठकूबाईनं पहिला. पदर कपाळापर्यंत, ओठ घट्ट, नजर समोर. मला आवडला नव्हता. आज गोदामात शिरलं की आधी तोच दिसतो, आणि पोत्याचं वजन करणारा व्यापारी आवाज खाली घेऊन बोलतो.

अक्षय तृतीयेला मी नवा कॅमेरा काउंटरवर ठेवला. दत्ताकाकांनी कपाळाला हात लावला.

"आवाजासाठी? अगं बाई, हळदीचा अंधार कशात काढशील? व्हिडिओ कोन काढनार, तुझा दादा?"

"काका, माझं रान ते नाही."

"रान? फोटो काढाया पाठवली, तर ही रान घेऊन आली." पण जुन्या कॅमेऱ्याला त्यांनी स्वतःच्या हातानं नवी पट्टी बांधून दिली, आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या निवडीनं माझी कामं गेली. मंचरच्या एका मोठ्या लग्नात हळदीचे फोटो दाणेदार आले आणि मुलीच्या मामानं चारचौघांत सुनावलं. उजवा खांदा थंडीत आजही ठणकतो. तो नवा कॅमेरा नारायणगावच्या एका मुलानं नेला आणि तो त्यावर सुंदर व्हिडिओ करतो. माझ्याकडे व्हिडिओसकट काम आलं की मी त्यालाच सोबत घेते. तो जुन्नरकडच्या उसात बिबट्याचेही फोटो काढतो, मुक्या शटरनं. एकदा मला चिडवत म्हणाला, "ताई, बिबट्याला सांगून काढू का?" मी म्हटलं, "तुझं रान वेगळं आहे, बाबा." चार वर्षांपूर्वीची मी असते, तर मुक्या शटरविरुद्ध पत्रक काढलं असतं.

कॅमेरा चांगला किंवा वाईट नसतो, हे मला एका दलालानं, दोन दात उरलेल्या एका बाईनं आणि गुडघे गेलेल्या एका माणसानं शिकवलं. तिघांनीही फी घेतली नाही. पत्रकांनी मला बोलायला शिकवलं होतं. आपण काय घेतलं ते समोरच्याला ऐकू जाऊ दे, हे मी त्या हंगामात शिकले.

परवा डिंभ्याची एसटी आलीच नाही, म्हणून दादा मोटरसायकलवर मला घेऊन गेले. धरणाच्या काठावर ठकूबाई काठी टेकून उभी होती. पाणी खरंच फार खाली गेलेलं. भेगाळलेल्या गाळातून देवळाचं जोतं वर आलं होतं, आणि त्याच्यापुढं मोकळी जागा. तिथं सहा म्हातारी माणसं बसली होती. निरोप ठकूबाईनं नुसता मलाच धाडलेला नव्हता. त्या दिवशीच्या रांगेतली, आज चालू शकणारी सगळी तिनं गोळा केली होती. कुणी खालच्या गावठाणातून आलं होतं, कुणी लेकीकडून. एका बाबांनी मुंडासं बांधलं होतं.

"उटा," ती म्हणाली. "जागंवं."

सातही जण उभे राहिले, पण जवळजवळ नाही. त्यांना आपापली जागा आठवत होती. एक इथं, मग दोन हात मोकळी जागा, मग दुसरा.

दादा म्हणाले, "थोडं सरका की जवळ, फोटोत बसायचं न्हाई."

"न्हाई सरकायचं. ह्ये मधी माजा बा हाय. तकडं गंगू, तिच्या काखंत शेळी."

माझ्याकडे एकच लेन्स होती, तीही झूम न होणारी. रांग मावेना. मी मागं सरकले. आणखी मागं. गाळ लागला, मग घोट्याला पाणी, मग पोटऱ्यांना. धरणाच्या पाण्यात गुडघाभर उभी राहिले, तेव्हा सगळी रांग काचेत आली, मोकळ्या जागांसकट.

सगळ्यांनी श्वास धरला. मी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

शटर अडकलं होतं. या वर्षात तिसऱ्यांदा. दलालानं दात बघून सांगितलं होतंच. मी डोळा काचेवरून काढला नाही, काढवला नाही. समोर सात म्हातारी माणसं ताठ उभी होती. मुंडासंवाल्या बाबांची मान थरथरत होती, तरी ते हलत नव्हते. कुणी 'झाला का' विचारलं नाही. ते तसे उभे राहणारच होते, पायातली सावली लांब होईपर्यंत, हे मला कळत होतं. नारायणगावच्या त्या मुलाचा कॅमेरा आज असता तर फोटो केव्हाच निघाला असता, हेही कळत होतं.

कॅमेरा बंद केला. बॅटरी काढली, शर्टाला पुसली, परत घातली. चालू केला.  पुन्हा दाबलं.

खटाक!

पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या डोंगराला लागला आणि परत आला.

ठकूबाई अजून समोरच बघत होती. तिनं ओठ न हलवता बाजूच्या रिकाम्या जागेला विचारावं तसं विचारलं, "आयकलं का?"

मुंडासंवाले बाबा म्हणाले, "आयकलं."

"मंग हला आता," ठकूबाई म्हणाली, आणि सगळे हलले.